गोव्यात जुनी पुस्तकं शोधताय? मग या चुका टाळा

चतुर्थीच्या आधी आणि नाताळच्या आधी गोव्यात घरं झाडून-रंगवून निघतात आणि तेव्हाच माळ्यावरची पुस्तकं खाली येतात. काही भंगारवाल्याकडे जातात, काही फेस्ताच्या वेळी चर्चच्या आवारात जुन्या सामानाचं टेबल लागतं तिथे, काही कुत्र्या-मांजरांसाठी पैसे उभे करणाऱ्या सेकंडहँड दुकानात. शिवाय किनाऱ्याकडे सीझनभर राहिलेले परदेशी जाताना पिशव्या भरून सोडून जातात ते वेगळंच. मी बरीच वर्षं या सगळ्या ठिकाणी फिरतोय आणि माझं मत पक्कं झालंय की चांगलं पुस्तक बहुतेक वेळा आपल्या समोरूनच जातं, कारण आपण कव्हर बघतो आणि आतलं पान वाचत नाही. आणि जे मिळतं त्याची वाट आपण घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात लावतो.

पिवळं पान म्हणजे जुनं पुस्तक नव्हे

आपल्या हवेत दहा वर्षांपूर्वीचं स्वस्त पेपरबॅकसुद्धा शंभर वर्षांचं दिसतं, त्यामुळे रंगावर जाऊच नका. शीर्षकाच्या पानाची मागची बाजू उघडा, तिथे आवृत्ती, वर्ष, छापखाना सगळं असतं.

मराठी पुस्तकात सगळ्यात जास्त लोक फसतात ते शकात. 'शके १८६०' दिसलं की १८६० सालचं पुस्तक सापडलं म्हणून लोक हरखतात, पण त्यात ७८ मिळवायचे असतात (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९), म्हणजे ते झालं १९३८-३९. तेही वाईट नाही म्हणा, पण त्या हिशोबाने पैसे द्या. वर्षच छापलेलं नसेल तर किंमत बघा. 'रु. २-८-०' असं असेल तर ते दोन रुपये आठ आणे, म्हणजे १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली त्याच्या आधीची छपाई. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधलं धरायला हरकत नाही.

इंग्रजीत वेगळा घोळ. आत 'पहिली आवृत्ती १९५६' लिहिलंय पण मागे तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आहे, तर ते नक्की नंतरचं पुनर्मुद्रण, कारण तेरा आकडे २००७ पासून आले आणि आयएसबीएन स्वतःच १९७० च्या आसपासचा. कधी कधी त्याच पानावर १० पासून १ पर्यंत आकड्यांची ओळ असते, त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ती कितवी छपाई ते. १ शाबूत असेल तर साधारणपणे पहिली. पेपरबॅकवर 'प्रथम प्रकाशन' म्हणून जे वर्ष असतं ते पुष्कळदा फक्त त्या पेपरबॅकचं असतं, मूळ हार्डकव्हर आधीच येऊन गेलेलं असतं, हे पण नीट वाचा.

'पोर्तुगीज आहे, कोण वाचणार' म्हणून सोडून देणं

ही मला सगळ्यात जास्त लागणारी चूक आहे. म्हातारं माणूस जातं, मुलं लिस्बनला नाहीतर मुंबईला, घर विकलं जातं आणि पोर्तुगीज पुस्तकं किलोवर जातात कारण आता घरात वाचणारं कोणी नाही. वाचता येत नसेल तर फक्त शीर्षकपानाच्या तळाची ओळ बघा. लिस्बन असेल तर शांतपणे विचार करा, पण 'नोव्हा गोवा' असेल (१८४३ मध्ये पणजीला दिलेलं नाव हे), किंवा मडगाव, किंवा बस्तोड्याची तिपोग्राफिया रांजेल, किंवा सरकारी छापखाना इंप्रेन्सा नासियोनाल, तर ते पुस्तक खाली ठेवू नका. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला, त्या काळातलं काही टेबलावर मिळणार नाही हे उघड आहे, पण १९०० नंतरची गोव्यात छापलेली व्याकरणं, पंचांगासारखी वार्षिकं, गावच्या संस्थांचे अहवाल अजून सापडतात आणि त्यांची किंमत इथल्या माणसाला जास्त आहे.

रोमी कोंकणीतल्या, म्हणजे रोमन लिपीत छापलेल्या कोंकणीतल्या, रोमान्सांचंही (कादंबऱ्यांचंही) तेच. पातळ कागद, स्वस्त छपाई, हातोहात फिरून फाटेपर्यंत वाचलेले, म्हणून तर आता धड प्रत मिळणं कठीण. फाटकी दिसते म्हणून बाजूला सारू नका.

आणि लेखकाचं नाव ओळखीचं नसेल तर चित्रकाराचं बघा ना! मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल यांची मुखपृष्ठं असलेले जुने दिवाळी अंक, लोटलीच्या मारियो मिरांडांची चित्रं असलेली पुस्तकं, लोक आतलं न बघता पुढे जातात.

शंका असेल तर फोटो काढून घ्या आणि पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन ताडून बघा. १८३२ पासूनची संस्था आहे, गोव्याविषयीची जुनी पुस्तकं तिथे बघायला मिळतात. ऑनलाइन किंमत बघणार असाल तर विक्रेत्याने मागितलेली नको, प्रत्यक्षात विकली गेलेली बघा, मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

दुकानातल्या चुका

वाचनालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक आहे पण 'रद्द' असं कुठेच नाही, तर आधी त्या वाचनालयाला फोन करा. पुस्तक हरवलेलं किंवा ढापलेलं असू शकतं आणि गावच्या वाचनालयाचं पुस्तक आपल्या कपाटात राहणं बरोबर नाही. हार्डकव्हर घेताना जॅकेट, म्हणजे वरचं सुटं वेष्टन, शोधा. विसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत बरीचशी किंमत त्या एका कागदात असते आणि ते दुसऱ्याच खोक्यात पडलेलं असतं. पानं मोजा, नकाशे आहेत का बघा.

घासाघीस बाजारात करा. संस्थेच्या दुकानात नको. काउंटरवरची आंटी बहुतेक वेळा फुकट बसलेली असते आणि पैसे जनावरांच्या औषधाला जातात. पन्नास रुपयांत खूप किमतीचं पुस्तक मिळतंय हे आपल्याला कळत असेल तर तिला सांगावं आणि जास्त द्यावे, मी देतो.

घरी आणल्यावर काय बिघडतं

आणलं की सरळ शेल्फवर ठेवणं, ही पहिली चूक. कसर किंवा बुरशी असेल तर बाकीच्यांना लागते. आठवडाभर वेगळं ठेवा. किडे दिसले तर पिशवीत हवाबंद करून उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी घरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पाणी सुटतं.

बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, आत मुरते. आधी पंख्याखाली सुकवा, मग मास्क लावून बाहेर अंगणात मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे, पण उन्हाने कणा फिका पडतो आणि कागद कडकतो, सावलीतली वाहती हवा पुरे. वास जात नसेल तर झाकणाच्या डब्यात खाण्याच्या सोड्याची वाटी आणि पुस्तक दोन आठवडे, सोडा पानांना लागता कामा नये. पुस्तक पूर्ण भिजलंय आणि दोन दिवसांत सुकणार नाही असं वाटलं तर तेही फ्रीजरमध्ये टाका, सुकवायला वेळ मिळतो. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं चिकटली तर मात्र बहुतेक गेली, ओढू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नको, काही वर्षांत पिवळी होऊन अक्षरं खाते. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. स्टिकरला हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. आणि बाइंडरकडे देणार असाल तर दहादा सांगा, कडा कापू नकोस, जुनं कव्हर फेकू नकोस. मी एकदा सांगायला विसरलो आणि बस्तोड्यात छापलेल्या पुस्तकाच्या समासातलं सुंदर हस्ताक्षरातलं टिपण अर्धं कापून आलं, मूळ पुठ्ठा गेला तो गेलाच, अजून ते पुस्तक हातात घेतलं की जीव कळवळतो.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जांभा दगड पावसात पाणी पितो आणि पुस्तकांना देतो. तीन-चार इंच जागा सोडा, पुस्तकं दाबून भरू नका, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला दार उघडून पंखा लावा.

आणि पुस्तकातून काही पडलं, पत्र, मृताच्या स्मरणार्थ छापलेलं छोटं चित्र, शाळेची पावती, तर ते टाकू नका, मालकाचं पेन्सिलने लिहिलेलं नाव खोडू नका. कोणत्या पानात होतं ते चिठ्ठीवर लिहा आणि पाकिटात घालून त्याच पुस्तकासोबत ठेवा. एका पोर्तुगीज गणिताच्या पुस्तकात मला मराठीत लिहिलेला वाणसामानाचा हिशोब मिळाला होता, तांदूळ, खोबरेल, रॉकेल, आण्यांमध्ये. तो अजून सत्तेचाळीसाव्या पानातच आहे.