ठिपके गेले तरी उपचार थांबवू नका: नव्या गोल्डफिशचं आजारपण कसं ओळखावं आणि निस्तरावं

नवा गोल्डफिश दोन-चार दिवसांत मलूल होतो, तळाशी जाऊन बसतो, आणि मग जो तो सल्ला द्यायला पुढे येतो. ‘निळं औषध घाल’, ‘चमचाभर मीठ टाक’, ‘सगळं पाणी बदल’. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी बरोबर असतो. पण तिन्ही एकाच संध्याकाळी केले, तर धडधाकट मासाही उलटा व्हायचा. म्हणून क्रमाने जाऊ.

टँक, फिल्टर, हवेचा पंप, थर्मामीटर आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू बनवतात ते, हेही विषारीच) तपासायचं किट नसेल तर आधी ते आणा. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे आहे.

पायरी १: आधी पाणी, मग मासा

गोल्डफिश कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो आणि पाणी मात्र दिसायला आरशासारखं स्वच्छ असतं, हीच यातली गोम. अमोनिया ० आणि नायट्राइट ० हवं, ‘थोडंसं चालतं’ हे ऐकू नका. किटच्या नळीतला रंग शून्याच्या खुणेहून जरा जरी वर चढला तरी निम्मं पाणी बदला (त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने), खाणं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. तीन-चार दिवस उपाशी राहून गोल्डफिशला काहीही होत नाही.

टँकमधले सगळे मासे एकाच वेळी वर येऊन आ वासत असतील तर दोष पाण्याचाच धरा. रोग असा घड्याळ लावून सगळ्यांना एकदम गाठत नाही. आणि हो, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडून जातं, क्लोरामाइन (काही ठिकाणी नळाच्या पाण्यात घालतात ते क्लोरीन-अमोनियाचं संयुग) जात नाही.

पायरी २: अंधार करा, टॉर्च घ्या

पाणी ठीक निघालं तर खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च काचेच्या बाजूने तिरपी धरा. वरच्या दिव्यात जे दिसत नाही ते असं लख्ख दिसतं. पर अंगाशी मिटलेत का, श्वास एकाच कल्ल्याने घेतोय का, खडीवर कूस टेकवून झटक्यात अंग घासतोय का, हे दहा मिनिटं नुसतं बघा. जाळीने पकडून हातात घेऊन बघू नका.

अंगावर, परांवर आणि शेपटीवर मिठाचे कण चिकटल्यासारखे इकडेतिकडे विखुरलेले पांढरे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉट. पण ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काटेरी कडेवर, एका ओळीत मांडल्यासारखे असतील, आणि मासा मजेत खात असेल, तर अभिनंदन, तुमचा मासा नर आहे. विणीच्या काळात नरांना असे कडक पुरळ येतात. या पुरळांवर औषध ओतणारी माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ३: व्हाइट स्पॉट, जिथे बहुतेकजण चुकतात

मीही चुकलो. माझ्या पहिल्या तीन गोल्डफिशना हा रोग झाला तेव्हा मी मीठ घातलं, चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर एकाच्याही अंगावर ठिपका नाही. आनंदाने निम्मं पाणी बदललं आणि मीठ घालणंही तिथेच बंद केलं. नवव्या दिवशी तिघेही रवा भुरभुरल्यासारखे पांढरे झाले होते आणि कल्ले इतक्या जोरात हलत होते की लांबून दिसावं. त्यातले दोन गेले.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळा उपचार यावर उभा आहे. तो ठिपका म्हणजे इक्थिऑफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीखाली शिरून पोसतो. तिथे असेपर्यंत त्याच्यापर्यंत ना मीठ पोचत, ना औषध. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाला पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यात फुटून शेकडो पिल्लं तयार होतात. त्या कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधत पोहत असतात, तो एक-दोन दिवसांचा काळ तेवढा आपल्या हातात असतो. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले तेव्हा माझ्या माशांचा रोग गेला नव्हता, तो अंगावरून उतरून खडीत जाऊन बसला होता. नेमक्या त्याच दिवशी मी पाणी बदलून मीठ कमी केलं.

म्हणून आजारी मासा तेवढा वेगळ्या बादलीत काढू नका. उपचार आख्ख्या टँकचा करायचा. शोभेची झाडं आणि गोगलगायी मात्र मीठ सोसत नाहीत, त्या काढून मासे नसलेल्या पाण्यात ठेवा. दुसऱ्या टँकमध्ये टाकल्यात तर रोगही तिकडे जाईल. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो पुढे औषध शोषून घेईल, तेव्हा काढा. झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) असेल तर मीठ घालायच्या आधीच काढा, कारण त्याने धरून ठेवलेला अमोनिया मिठामुळे परत पाण्यात सुटतो.

आता मिठाचं गणित. लिटरला ३ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, वजनकाट्यावर तोला. खडेमिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो. मीठ साधं, बाकी काही न मिसळलेलं हवं. टँकच्या खोक्यावर लिहिलेले लिटरही खरे धरू नका, पाणी स्वतः मोजा: लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. ६० बाय ३० चा टँक आणि ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे ५४ लिटर, त्यातून खडीची जागा वजा करून ४८ धरा. मीठ लागेल १४४ ग्रॅम. ते एकदम नाही: ४८ ग्रॅमचे तीन भाग, बारा-बारा तासांनी, दर वेळी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या धारेपाशी हळूहळू ओतायचं. खडे तसेच टाकलेत तर मासा ते तोंडात घेऊन बघतो आणि भाजतं त्याला.

मीठ उडून जात नाही, पाणी उडतं. त्यामुळे वाफेने कमी झालेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही. बदललेल्या पाण्याला मात्र घालायचं: १६ लिटर काढून नवे १६ भरले तर ४८ ग्रॅम. हे दोन्ही मी एकदा उलटसुलट केलं आहे. दोनदा वाचा.

हीटर असेल तर पाणी २४-२५ अंशांपर्यंत न्या, दिवसाला एक-दोन अंशांच्या बेताने. उष्णतेने परजीवी मरत नाही, त्याचं चक्र भरभर फिरतं आणि तो लवकर आपल्या तावडीत येतो. थंड पाण्यात हेच चक्र कित्येक आठवडे रेंगाळतं. ३० अंशांचा सल्ला गोल्डफिशसाठी नाही, तो थंड पाण्यातला मासा आहे. कोमट पाण्यात प्राणवायूही कमी मुरतो, म्हणून पंप रात्रंदिवस चालू. दिवसाआड नळीने खडीतली घाण ओढून काढा, तिच्यासोबत कवचंही जातात.

पहिले दोन-तीन दिवस ठिपके वाढतील. घाबरून लगेच दुसरं औषध ओतू नका. जे आधीच कातडीखाली होते ते मोठे होऊन आता दिसायला लागलेत. शेवटचा ठिपका गेला की कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून आणखी पूर्ण ७ दिवस मीठ तेवढंच ठेवा. एकूण दोन आठवडे धरा. हीटर नसेल, पाणी थंड असेल, तर याहून बरेच जास्त. मग दर दोन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बिनमिठाचं बदलत खाली या. आठवडाभरात ठिपके कमी व्हायची चिन्हंच नसतील, तर पाणी बदलून मीठ काढा आणि व्हाइट स्पॉटसाठीचं मॅलाकाइट ग्रीनचं औषध बाटलीवरच्या मात्रेने वापरा, हातमोजे घालून. दोन औषधं एकत्र कधीच नाहीत.

ठिपके नसतील तर

कापसासारखा पुंजका: बुरशी, बहुधा जुन्या जखमेवर. पाणी स्वच्छ ठेवा. मिथिलीन ब्लू (तेच ते निळं औषध) वापरायचं तर वेगळ्या टबात, कारण ते फिल्टरचे जिवाणू मारतं. पर कडेने झिजत चाललेत: पाणी सुधारा, ताजी झीज तेवढ्यानेच थांबते. अंगातून बारीक दोरा लोंबतोय आणि मुळाशी लाल: अँकर वर्म हा परजीवी, चिमट्याने मुळासकट ओढा. पाणी शून्यावर, ठिपके नाहीत, तरी मासा अंग घासतोच आहे: बहुधा फ्लूक (कातडी-कल्ल्यांवरचे सूक्ष्म परजीवी कृमी), त्याला प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध, आणि कल्ल्यातल्या जातीची अंडी औषधाला दाद देत नाहीत म्हणून पुन्हा मात्रा. उलटा तरंगणारा गोलमटोल मासा: दोन-तीन दिवस उपास, मग बुडणारं खाणं. खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिलेत: मूत्रपिंड बसलंय, आणि खरं सांगायचं तर यातून वाचलेले फार थोडे.

पाणी सुधारल्यावर मासा मध्येच काळपट पडला तर हात आवरा. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना काळी होते. तो डाग आपोआप जातो.

पुढचा मासा आणाल तेव्हा बंद पिशवी १५ मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग उघडून मासा लगेच आत घ्या आणि पिशवीतलं पाणी फेका. लांबून आणलेली पिशवी उघडी ठेवून तासभर घोट-घोट पाणी घालत बसायचं नाही: पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा) चढतो आणि आतला निरुपद्रवी अमोनिया विषारी होतो. हा मासा ४ आठवडे वेगळ्या टबात राहील, त्या टबाची जाळी आणि नळीही वेगळी. माझ्या जाळीच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला आहे, म्हणजे घरातल्या कुणी चुकून उचलली तर मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं.