'ग्रुपवर टाकलंय, साहेब!' : हद्दीपल्याड माहिती पाठवताना या चुका टाळा

कराडहून कोल्हापूरकडे निघालं की मालखेड मागे पडतं आणि कासेगावच्या अलीकडे कुठेतरी सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होतो. गाडीतल्या माणसाला ते कळतही नाही. दोन्ही जिल्हे कोल्हापूर पोलीस परिक्षेत्रातले, दोन्हीकडे गुन्हे नोंदींची तीच संगणक प्रणाली सीसीटीएनएस, आपत्कालीन मदतीचा तोच ११२, आणि बदल्यांमुळे ओळखीचे चेहरेही तेच. तरी एका बाजूच्या ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली दुचाकी दुसऱ्या बाजूच्या कागदावर 'शोध सुरू' म्हणून वर्षभर राहते. यंत्रणा कमी पडते म्हणून हे होत नाही. नोंद करणारा आपल्या रजिस्टरचा रकाना भरून मोकळा होतो. उद्या दुसऱ्या ठाण्यातला कुणी ती नोंद शोधायला बसला तर तो काय टाइप करेल, हा विचार त्याच्या डोक्यात येत नाही. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

नदीतला अनोळखी मृतदेह आणि वरच्या अंगाची मिसिंग

कृष्णा धोम सोडून वाई, संगम माहुली, कराड करत बहे, भिलवडी, औदुंबर, सांगली, म्हैसाळ अशी खाली जाते. कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा. वरच्या अंगाला पाण्यात गेलेला माणूस खाली बंधाऱ्याला, पुलाच्या खांबाला नाहीतर जलपर्णीत अडकतो, आणि तोवर जिल्हा बदललेला असतो. वर मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, दाखल, खाली अकस्मात मृत्यू दाखल.

पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. खालचं ठाणं पंचनाम्यात लिहितं, 'पुरुष, वय अंदाजे ४५, रंग काळा, बांधा मजबूत, कमरेला दोरा.' वरच्या ठाण्यात मिसिंग असते, 'वय २८, रंग गोरा, बांधा सडपातळ.' शोधणारा वय ४० ते ५० टाकतो, रंग काळा टाकतो, बटण दाबतो. काही येत नाही. 'मिळतेजुळते वर्णन नाही' असा शेरा पडतो, दफन होतं. महिना-सव्वा महिन्याने घरचे विचारत विचारत येतात आणि फोटोतल्या करदोट्यातल्या चांदीच्या पेटीवरून एका मिनिटात ओळख पटवतात. पंचनाम्यात त्या पेटीचा 'दोरा' झालेला असतो.

पाण्यात राहिलेला मृतदेह फुगतो आणि काळवंडतो. सडपातळ पोरगा आडदांड दिसतो, गोरा काळा दिसतो, अठ्ठावीसचा पंचेचाळिशीचा वाटतो. म्हणजे रंग, बांधा आणि वय या तीन गोष्टी अशा प्रकरणात सगळ्यात खोट्या, आणि आपल्याकडे पंचनामा सुरू होतो तोच या तिन्हींपासून. लिहा, फॉर्ममध्ये रकाना आहे तर लिहावंच लागेल. पण शोध त्यावर लावू नका.

न बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या. गोंदण कुठे आहे आणि अक्षरं कोणती, जुन्या ऑपरेशनचे टाके, कोणता दात पडलेला किंवा भरलेला, चपलेचा नंबर, ताईत, जोडवी, करदोट्यात काय काय ओवलंय. शर्टाच्या कॉलरमागचं शिंप्याचं लेबल उलटून बघा, त्यावर बहुतेक वेळा गावाचं नाव असतं. खिशातली किल्ली 'एक किल्ली' अशी लिहून संपवू नका. ती दुचाकीची असेल तर वरच्या अंगाच्या कुठल्या पुलावर बेवारस दुचाकी मिळाली आहे का, हा पहिला फोन. पुष्कळदा प्रकरण तिथेच सुटतं.

बोटांच्या ठशांबाबत घाई करणाऱ्यांनी फार नुकसान केलं आहे. पाण्यात हाताची कातडी आधी सुरकुतते, पुढे हातमोज्यासारखी सुटून येते. ती सुटलेली कातडी फेकायची नसते, तिच्यावरच ठसे असतात. शवविच्छेदनाच्या आधी अंगुलिमुद्रावाल्यांना बोलवा. डीएनएसाठी दाढ किंवा लांब हाडाचा तुकडा राखून ठेवायला डॉक्टरांना लेखी विनंती द्या आणि तो नमुना फॉर्मॅलिनमध्ये जाणार नाही हे डोळ्यांनी पाहा, फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. आणि अनोळखीचं दफनच करायचं, दहन नाही. खड्ड्याची जागा नकाशासह कागदावर हवी.

शोध लावताना वय दोन्ही बाजूंनी २० वर्षं मोकळं सोडा, रंगाचा रकाना कोरा ठेवा. मृतदेह सापडल्या दिवशी एकदाच शोधून फाईल बांधणं ही तर चुकीतली चूक. घरचे आधी पाहुण्यांकडे शोधतात, मग ठाण्यात येतात, त्यामुळे मिसिंगची तारीख मृतदेह सापडल्याच्या नंतरची असू शकते. सवय अशी लावा: तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी तोच शोध पुन्हा. ठाणी निवडताना नकाशावर जवळ कोण ते पाहू नका, पाण्याच्या वरच्या अंगाला कोण ते पाहा. ब्रह्मनाळच्या खाली सापडला तर येरळाकाठचे खटाव-खानापूरही विचारा. हरिपूरच्या खाली असेल तर वारणाकाठ, म्हणजे कोल्हापूर जिल्हाही आला.

वरच्या ठाण्यालाही हेच लागू. मिसिंग लिहून घेताना फिर्यादीला 'अंगावर खूण काय' विचारलं की तो 'काही नाही' म्हणतो. बायकोला किंवा आईला विचारा. आणि हरवलेला १८ वर्षांखालचा असेल तर नुसती मिसिंग चालत नाही, अपहरणाचा गुन्हाच दाखल करायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच तसं सांगून ठेवलं आहे.

'ग्रुपवर टाकलंय'

हे वाक्य ऐकलं की समजायचं, काम झालेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या निरोपाला जावक क्रमांक नसतो, तो कुणाच्या नावावर नसतो. पाहणाऱ्या दीडशे जणांपैकी प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघेल. बदली झालेले त्यात तसेच राहतात, नवीन आलेले त्यात नसतात. सहा महिन्यांनी कोर्टात 'तुम्ही शेजारच्या जिल्ह्याला कधी कळवलं' असं विचारलं तर दाखवायला काय आहे? नवीन भरतीच्या पोरांना हा शॉर्टकट फार आवडतो, कारण निळी खूण दिसली की कर्तव्य संपल्यासारखं वाटतं.

ग्रुप पहिल्या तासापुरता ठेवा, तोही नाकाबंदीसाठी. आनेवाडी आणि तासवडे नाक्यांवर गाडी अडवायची असेल तर त्याच्याइतकं झटपट काही नाही. पण त्याच तासात नियंत्रण कक्षामार्फत बिनतारी संदेश गेला पाहिजे आणि स्टेशन डायरीत वेळ, घेणाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर आला पाहिजे. संदेशात चार गोष्टी हव्यात: ठाणे व गुन्हा रजिस्टर नंबर वर्षासह, कलम, तपासी अंमलदाराचा नंबर, आणि तुम्हाला समोरच्याकडून नेमकं काय हवंय. 'माहिती मिळाल्यास कळवावे' ही विनंती होत नाही. 'दिनांक अमुक ते तमुक तुमच्या हद्दीत बेवारस मिळालेल्या दुचाकींचे चेसिस नंबर पाठवा' ही विनंती.

संशयिताचा फोटो ग्रुपवर फिरवताना ओळख परेडचं काय होणार, हेही आधी ठरवा. ग्रुपवरून तो गावातल्या ग्रुपवर जातो, तिथून साक्षीदाराच्या फोनवर. मग परेडमध्ये साक्षीदाराने हात दाखवला तरी बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो आणि परेड गेली. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव, गाव, शाळा, घरचा फोटो यातलं काहीही टाकणं तर थेट गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि बालकांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ वाचून घ्या. 'आपलाच ग्रुप आहे' हा बचाव होत नाही.

पुराव्याचा व्हिडिओ किंवा फोटो नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. फाईल बदलली की हॅशही, म्हणजे फाईलचा अंकीय ठसाही, बदलला, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. पेनड्राइव्हवर मूळ फाईल द्या, एसएचए-२५६ हॅश काढून पत्रातच लिहा. अगदीच तातडी असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, पण त्याला पुरावा समजू नका.

ओ की शून्य

चोरीच्या दुचाकी जुळत नाहीत त्याचं अर्धं कारण टायपिंग. चोर नंबरप्लेट आधी बदलतो, म्हणून एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१० वर शोध लावून काही हाती लागत नाही. चेसिस नंबरवर लावा. आताच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तुमच्या नोंदीत 'ओ' दिसला तर तो शून्य आहे, 'आय' दिसला तर एक. सोळाच अक्षरं भरली तर एक खाल्लं. गंजलेल्या पाइपवरचा नंबर डोळ्यांनी वाचून सांगायचा नाही. फडक्याने पुसा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं.

मोबाईलचंही तसंच. आयएमईआय १५ अंकी, पण शेवटचा अंक तपासणीचा असतो आणि कंपनीच्या सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींत, त्या जागी पुष्कळदा शून्य येतो. पंधराही अंक तंतोतंत जुळवायला गेलात तर तोच फोन समोर असून 'नाही' दिसेल. पहिले १४ जुळवा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय, फिर्यादीत दोन्ही घ्या. चोरीचे फोन बंद करण्याच्या सीईआयआर पोर्टलवर ब्लॉक करताना एकच टाकून दुसरा विसरणारे कमी नाहीत.

एकच मुकादम, पाच ठाणी

ऊस पट्ट्यातली ही खास आपली चूक. ऊस वाहतुकीचा वाहनमालक हंगामाच्या आधी तोडणी टोळीच्या मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, दहा कोयते, पंधरा कोयते (एक कोयता म्हणजे तोडणीचं एक जोडपं), जशी बोली असेल तशी. गाळप सुरू होतं, टोळी येत नाही. कराडचा मालक कराडला फिर्याद देतो, वाळव्याचा वाळव्याला, पलूसचा पलूसला. प्रत्येक ठाण्याला वाटतं, एका माणसाचा व्यवहार फिसकटला, दिवाणी बाब आहे. पाचही फिर्यादी शेजारी ठेवल्या तर दिसतं की एकाच महिन्यात, त्याच कोयत्यांवर पाच जणांकडून उचल घेतली आहे. फसवणुकीचा हेतू सिद्ध करायला याहून चांगला कागद नाही, पण तो पाच फायलींत वाटला गेलेला असतो.

अशा प्रकरणात नावावर शोध लावू नका. नोटरी करारावर एक नाव, आधारवर दुसरं, गावात तिसरंच चालतं. उचल ज्या खात्यावर गेली तो बँक खाते क्रमांक फिर्यादीत स्वतंत्र ओळीत घ्या आणि त्यावर शोधा. कारखान्याच्या शेती विभागाकडे तोडणी-वाहतूक करारांची यादी असते, ती मागवा आणि त्याच मुकादमाचं नाव आणखी कुणाच्या करारात आहे ते बघा. तासगाव-मिरजेकडे द्राक्ष घेऊन पळणाऱ्या व्यापाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते, फक्त तिथे खात्याऐवजी माल नेलेल्या ट्रकचा नंबर आणि पॅकिंग करणारी टोळी धागा देते.

बाकीच्या, थोडक्यात

टोपणनाव हकिकतीत लिहू नका, उर्फच्या रकान्यात लिहा. हकिकत कुणी शोधत नाही.

चव्हाण इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एकदा शोधून थांबू नका.

सीसीटीव्हीचं फुटेज शेजारच्या ठाण्याला देताना डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते लिहून द्या. डीव्हीआरच्या पडद्याशेजारी मोबाईल धरून एक फोटो काढला की झालं. हे न केल्यामुळे दोन कॅमेऱ्यांतली तीच गाडी दोन गाड्या वाटते.

झिरो एफआयआर ही मेहेरबानी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न न काढता फिर्याद घेणं स्पष्टच लिहिलं आहे. फिर्याद घ्या, वैद्यकीय तपासणी आणि जागेवरचा पुरावा लगेच उरका, मग कागद पाठवा. 'पाठवतो' म्हणून आठवडा घालवलात तर मूळ ठाण्याला रिकामी जागा मिळते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली असेल तर तिचा पोच क्रमांक एफआयआरमध्ये घ्या. नाहीतर गोठवलेली रक्कम एका नोंदीत आणि गुन्हा दुसऱ्यात राहतो.

जतवाल्यांसाठी: कर्नाटकात विजापूर-अथणीकडे मराठी पत्र पाठवून उत्तराची वाट पाहू नका. इंग्रजीत लिहा, नावं मोठ्या अक्षरांत, आणि तिकडच्या ठाण्याच्या अंमलदाराला फोन करून पोचलं का विचारा.

आणि शेवटी ते लाडकं 'निरंक', म्हणजे 'आमच्याकडे काही नाही'. माहिती मागवली की तासाभरात 'निरंक' येतं, कारण ते लिहायला काही उघडावं लागत नाही. निरंक कळवताना कोणतं रजिस्टर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पाहिलं आणि कुणी पाहिलं, एवढं त्याच ओळीत लिहा. मागणाऱ्यानेही त्याशिवाय आलेलं निरंक परत पाठवावं.