मुंबईत बाळाच्या पहिल्या वर्षाचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा

बाळ आलं की पैसा प्रामुख्याने तीन वाटांनी जातो: डायपर, डब्याचं दूध आणि खासगी दवाखान्यातल्या लशी. पाळणा, खेळणी, फोटोशूट हे खर्च डोळ्यांत भरतात, पण ते एकदाच होतात. दर महिन्याला खिसा रिकामा करतात ते हे तीन. म्हणून आवरायची सुरुवात तिथूनच करायची. ज्या खर्चावर बाळाची तब्येत अवलंबून आहे, त्याला मात्र हात लावायचा नाही. तो कोणता, ते शेवटी सांगते.

पायरी १: खरेदी बाळ आल्यावर करा

बाळ जन्मायच्या आधी काही विकत आणू नये, असं आपल्याकडच्या आज्या सांगायच्या. पैशाच्या दृष्टीनेही हा रिवाज शहाणपणाचा आहे. पहिल्या महिन्याला लागतं ते थोडंच: सहा-आठ झबली, दोन-तीन टोपरी, चार दुपटी, भरपूर लंगोट आणि एक जुनी गोधडी. बहीण, नणंद, शेजारीण यांच्याकडे यातलं बरंचसं पडलेलं असतं. मोकळेपणाने मागा. अनेकदा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं आणि त्याचा रंगही जात नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट झालेलं असतं, त्यामुळे नवजात मापाचे कपडे दोन महिन्यांतच अपुरे पडतात.

बारशाला तर एकाच मापाचे डझनभर फ्रॉक नाहीतर बाबासूट येतात. विचारणाऱ्याला आधीच सांगून टाका, "आत्या, काही आणणारच असाल तर वर्षाच्या मापाचं आणा." यात संकोचण्यासारखं काही नाही. उलट काय घ्यावं हा त्यांचा प्रश्न सुटतो.

प्रॅम घेण्याआधी आपल्या घराखालचा फूटपाथ एकदा नीट बघा. लिफ्ट नसलेली इमारत, रेल्वेचा पादचारी पूल, गर्दीची लोकल, यात प्रॅम घडी घालून हातात धरावी लागते आणि बाळ कडेवर असतंच. बऱ्याच घरांत ती दोन महिन्यांत बाल्कनीत जाते. कापडी कॅरियर स्वस्त पडतो आणि खरोखर वापरला जातो. वॉकर तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. वॉकरमधून पडून मुलांच्या डोक्याला इजा होतात म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. वॉकरने मूल लवकर चालतं हा समजही खरा नाही.

पायरी २: दिवसा लंगोट, रात्री डायपर

आधी हिशोब करू. सुरुवातीला दिवसाला आठ डायपर सहज लागतात. एक दहा रुपयांचा धरला तरी महिन्याचे २,४०० रुपये झाले. तेच दिवसभर लंगोट आणि रात्री किंवा बाहेर जाताना मिळून दिवसाला दोन डायपर, असं केलं तर ६०० रुपयांत भागतं. महिन्याला १,८०० रुपये वाचतात.

लंगोटासाठी घरातली जुनी, मऊ सुती साडी काढा. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. रुंदीत दोन आणि लांबीत दहा अशा हिशोबाने तिचे सुमारे ५५ सेंटिमीटरचे वीस चौकोन निघतात. कडा दुमडून शिवून घ्या, नाहीतर सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो. चौकोनाचा त्रिकोण केला की लंगोट तयार. जास्त शोषून हवं असेल तर मध्ये त्याच कापडाची चौपदरी पट्टी ठेवा. घरात साडी नसेल तर मंगलदास मार्केटमध्ये मलमल मीटरवर मिळते. दादरला आणि हिंदमाताच्या दुकानांतही सुती कापड मिळतं.

पावसाळ्यात हे गणित बिघडतं, हे मान्यच करायला हवं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या घरात कपडा वाळत नाही आणि दमट लंगोट बाळाला घालायचा नाही, अंगावर पुरळ येतं. त्यामुळे या महिन्यांत लंगोट जास्त करून ठेवा, पंख्याखाली वाळवा आणि घालण्याआधी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. तरीही नाही वाळले तर ते चार महिने डायपर थोडे वाढू द्या. बाळाची कातडी सोलवटून वाचवलेले पैसे मलमातच जातात.

डायपर घेताना पाकिटाची नव्हे, एका नगाची किंमत काढा. 'ऑफर'चं मोठं पाकीट कधीकधी नगाला महाग पडतं. लहान मापाचा साठा करू नका. पाकिटावर वजन किलोत लिहिलेलं असतं आणि बाळ ते महिन्या-दोन महिन्यांत ओलांडतं. सप्टेंबर २०२५ पासून बाळांचे डायपर आणि दुधाच्या बाटल्या यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. वेट वाइप्स घरात नकोतच. कोमट पाण्यात भिजवलेलं मलमलचं फडकं पुरतं. पावडर, काजळ, ग्राइप वॉटर यांची बाळाला गरज नसते. पावडर श्वासात जाते आणि काजळात शिसं असू शकतं.

पायरी ३: अंगावरच्या दुधासाठी मदत मागा, आणि लगेच मागा

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. हा सल्ला तब्येतीसाठी आहे, पण त्यात बचतही किती होते बघा. डब्याच्या दुधावरचं तीन महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण १०० ग्रॅम दूध पावडर संपवतं, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत उडतो आणि महिन्याला सात-आठ डबे लागतात.

डबा बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यातच शिरतो, "दूध पुरत नाही वाटतं" या वाक्यावर. त्या वेळी बाळंतिणीला डब्यापेक्षा माणसाच्या आधाराची गरज असते. बाळ छातीला नीट लागलंय का, हे प्रसूतिगृहातल्या सिस्टरकडून घरी यायच्या आधीच बघून घ्या. बाळ दिवसाला सहा-सात वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. डब्यांच्या जाहिरातींवर आणि आयांना फुकट नमुने वाटण्यावर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कुणी 'सॅम्पल' हातात ठेवलं तर नाही म्हणा.

नोकरीवर जाणाऱ्या आईने हाताने दूध काढायला शिकून घ्यावं, त्याला यंत्र लागत नाही. मुंबईच्या उकाड्यात काढलेलं दूध बाहेर ठेवू नका, लगेच फ्रीजमध्ये टाका. तिथे ते चार दिवस टिकतं. लोकलने आणायचं असेल तर बर्फाच्या पिशवीसकट. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं घ्या. बाटल्या, निपल, स्टरिलायझर, ब्रश असा सगळा पसारा वाचतो आणि वाटी उकळून स्वच्छ करणंही सोपं.

काही आयांना डबा द्यावाच लागतो. त्यात कमीपणा नाही. पण मग पावडर आणि पाणी डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यायचं. डबा पुरवायचा म्हणून पाणी वाढवलं तर बाळाचं पोषण तुटतं.

पायरी ४: लशी महापालिकेत घ्या

महापालिकेच्या दवाखान्यांत, आरोग्य केंद्रांत आणि केईएम, सायन, नायर, कूपर या रुग्णालयांत राष्ट्रीय लसीकरणातल्या लशी मोफत मिळतात. जन्मतः बीसीजी (क्षयाची लस), पोलिओ, हेपॅटायटिस बी (काविळीची). सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), पोलिओ, रोटाव्हायरस (जुलाबाची). नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. खासगीत हजारो रुपयांना मिळणारी न्यूमोकोकल (न्यूमोनियाची) लसही २०२१ पासून देशभर यात आहे. ती सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि मग नवव्या महिन्यात देतात.

खासगीतल्या 'न दुखणाऱ्या' लशीने ताप कमी येतो, हे खरं. पण सरकारी पेंटाव्हॅलंट संरक्षणात कमी पडत नाही. एक रात्र बाळ किरकिर करेल, एवढी तयारी ठेवा.

बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची बाटली एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते. एका बाटलीत अनेक मुलांचे डोस असतात, म्हणून त्या लशींसाठी ठरलेल्या वारी बोलावतात. आधी जाऊन वार विचारून ठेवा, म्हणजे रजा वाया जाणार नाही. लसीचं कार्ड जपून ठेवा. कांजिण्या, हेपॅटायटिस ए, फ्लू यांच्या लशी मोफत यादीत नाहीत. त्यातली कोणती घ्यायची ते बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा आणि त्यासाठी पैसे बाजूला काढा.

पायरी ५: सहा महिन्यांनंतरचं खाणं घरी करा

तयार सीरिअलच्या एका डब्याच्या पैशांत दोन-तीन किलो नाचणी येते. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

अर्धा किलो नाचणी निवडून तीन-चार पाण्यांत धुवा, खडा राहता कामा नये. रात्रभर भिजवा, सकाळी उपसून ओल्या मलमलीत बांधून टांगून ठेवा. दिवसभरात पांढरे कोंब दिसायला लागतात. सावलीत पसरून वाळवा, मंद आचेवर कोरडंच परता, मिक्सरला बारीक करा आणि बारीक चाळणीने चाळा. मोड आणल्यामुळे खीर पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाच्या छोट्या पोटाला ते सोयीचं पडतं. पावसाळ्यात थोडंच करा, दमट राहिलं तर बुरशी धरते.

दुसरं खिमट. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ धुऊन वाळवा, चिमूटभर जिऱ्यासह भाजून रवाळ दळा, पाण्यात शिजवून वर साजूक तूप घाला. वर्षभर मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको.

तयार सीरिअलमध्ये लोह घातलेलं असतं, ते घरच्या खाण्यात भरून काढायला हवं. डाळ, पालेभाजी, अंड्याचा पिवळा बलक, नंतर काटे काढलेली मासळी द्या. लोहाचं सिरप सहाव्या महिन्यापासून सरकारी कार्यक्रमात मोफत असतं, आरोग्य सेविकेला विचारा. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. नाव नोंदवा.

पायरी ६: हक्काचे पैसे मागा

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची लेक लाडकी योजना आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या पात्र कुटुंबातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. दोन्हींची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे करा. ऑफिसची ग्रुप मेडिक्लेम असेल तर बाळाचं नाव लगेच घाला, त्याला मुदत असते.

पायरी ७: इथे हात आखडू नका

डॉक्टरांनी सांगितलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, घरात चालणारा थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं, हे तीन कायम असू द्या. जुलाब लागले तर ओआरएसबरोबर चौदा दिवस झिंक द्यायचं असतं, डोस डॉक्टरांना विचारा. दोन्ही सरकारी केंद्रात मिळतात, जनऔषधी दुकानातही स्वस्त पडतात. पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास जोरात चालू लागला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट बघू नका, केमिस्टच्या सल्ल्यावर थांबू नका. पैशांची चणचण असेल तर महापालिकेचं जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आजारी बाळाला वर्षभराचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळण्याची तरतूद जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. जाताना लसीचं कार्ड आणि डिस्चार्जचे कागद सोबत घ्या.