आठवड्याला एक चेहरा: मित्रमैत्रिणींची व्यक्तिचित्रं काढण्याचा नेम

मित्राचं चित्र काढायला बसलं की दोन अडचणी सोबतच येतात. चेहरा इतका सवयीचा असतो की समोर काय दिसतंय ते बघायचं राहून जातं आणि हात आठवणीतलं काढत सुटतो. शिवाय चित्र झालं की तो ते बघायला मागणार, हे माहीतच असतं. पहिल्या अडचणीपायी चेहरा चुकतो, दुसरीपायी नेम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोडतो. दोन्हींचा बंदोबस्त पेन्सिल हातात घेण्याआधी करावा लागतो.

आधी वेग ठरवा. रोज एक चित्र हे ऐकायला छान वाटतं, पण एका चेहऱ्याला नीट वेळ द्यायचा तर ते झेपत नाही. आठवड्याला एक, बारा आठवडे, हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी बारा मित्र लागत नाहीत. सहा जण घ्या आणि त्याच क्रमानं प्रत्येकाचं चित्र दोनदा काढा. दुसरी खेप सहा आठवड्यांनी येते आणि दुसरं चित्र पुरं होईपर्यंत पहिलं उघडून बघायचं नाही. नाहीतर चेहऱ्याऐवजी जुन्या चित्राचीच नक्कल होते, चुकांसकट.

सुरुवात कुणापासून करायची यालाही महत्त्व आहे. चष्मा, दाढी, ठसठशीत नाक, रुंद जबडा, टक्कल असे चेहरे आधी घ्या. त्यांत पकडायला खुणा भरपूर मिळतात. गुळगुळीत, तरुण, गोल चेहरे सगळ्यांत अवघड. तिथे खुणा कमी असतात आणि एखादी रेघ जरा जाड झाली तरी वय दहा वर्षांनी वाढतं. ते पाचव्या-सहाव्या आठवड्यासाठी ठेवा.

बाकी सगळं बारा आठवडे एकसारखं ठेवायचं: कागद, आकार, वेळ, उजेडाची दिशा. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीनं २०१३ ते २०१६ या काळात ८२ व्यक्तिचित्रांची मालिका केली तेव्हा कॅनव्हासचा आकार एकच, खुर्ची तीच आणि प्रत्येकाला साधारण तीन दिवस, असा नियम ठेवला होता. बाकी काहीच बदलत नसलं की माणसामाणसातला फरक आपोआप उठून दिसतो. आणि 'आज कोणता कागद घेऊ' या विचारात बैठक वाया जात नाही, हा फायदा तर त्याहून मोठा.

सामान

ए-फोर आकाराची स्केचबुक, १३० ते १६० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), किंचित खरखरीत कागदाची. छपाईच्या ७०-८० जीएसएम कागदावर दोन-तीन थरांनंतर शिसं धरत नाही आणि खोडलं की तंतू उठतात. पेन्सिली तीन पुरतात: आखणीला एचबी, सावलीला २बी, सर्वांत गडद जागांना ४बी. मळता येणारा मऊ खोडरबर घ्या. तो घासायचा नाही, दाबून उचलायचा, मग हवी तेवढीच छटा उतरते. सावली बोटानं पुसून एकजीव करायचा मोह टाळा. त्वचेचा तेलकटपणा कागदात उतरतो आणि त्यावर पुढचा थर डागाळतो.

कागदावर डोक्याची उंची १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. या मापात एक डोळा साधारण २ सेंटिमीटर येतो. डोकं ८ सेंटिमीटरचं काढलं तर डोळा जेमतेम एक सेंटिमीटरचा, म्हणजे मिलिमीटरभर चूकसुद्धा त्याचा दहावा हिस्सा झाली. भाव तेवढ्यानं बदलतो.

पाट किंवा पॅड टेबलावर सपाट ठेवून काढू नका. सपाट कागदाचा वरचा भाग नजरेला आखूड दिसतो, हात नकळत तो ताणतो, आणि चित्र उभं धरलं की कपाळ लांबलेलं निघतं. पाट टेकवून चांगला तिरका करा, नजर कागदावर काटकोनात पडेल इतका.

समोर बसवून की फोटोवरून?

जमेल तेव्हा समोर बसवा. दोन डोळ्यांनी बघताना खोली कळते, फोटोत ती सपाट झालेली असते. अंतर दीड ते दोन मीटर. वीस-वीस मिनिटांच्या दोन पाळ्या, मध्ये पाच मिनिटं सुट्टी. बसणाऱ्याला भिंतीवरची एक खूण बघत राहायला सांगा आणि खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टी लावा, म्हणजे सुट्टीनंतर तीच जागा सापडते. हसू नकोस, असं आधीच सांगा. हसू दोन मिनिटांत आखडतं आणि मग आखडलेलंच कागदावर येतं.

मित्र दूर राहत असेल तर फोटो, पण तो खास या कामासाठी काढलेला. हात लांब करून काढलेली सेल्फी नको. इतक्या जवळून नाक फुगतं, कान मागे पळतात आणि तुम्ही कितीही इमानदारीनं काढलंत तरी तो मित्र वाटत नाही. दुसऱ्या कुणीतरी दोन मीटरवरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला धरून, झूम करून काढायला सांगा. फ्लॅश बंद, चेहरा उजळवणारे फिल्टर बंद. एकाच बैठकीतले पाच-सहा फोटो मागवा, त्यांत एक बाजूनंही हवा: चित्र समोरून असलं तरी नाक किती पुढे आलंय, हनुवटी किती मागे आहे हे त्यातूनच कळतं. त्याच वेळी विचारून ठेवा की चित्र इतरांना दाखवलेलं चालेल का. समाजमाध्यमांवरचा फोटो न विचारता उचलू नये.

उजेड एकाच बाजूनं आणि थोडा वरून हवा. खिडकी उत्तम. खोलीतले बाकीचे दिवे मालवा. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना खातात आणि चेहऱ्याला घडण उरत नाही.

चाळीस मिनिटांची बैठक

पहिली पाच मिनिटं फक्त मापं. डोक्याचा माथा आणि हनुवटी अशा दोन खुणा करा, मग मान किती कलली आहे ती रेघ. हात कोपरात ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्यानं डोक्याची रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून ते प्रत्येक वेळी ताठच.

डोळ्यांची रेघ माथा आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर येते. नवखा माणूस ती हमखास वर घेतो, कारण वरच्या निम्म्या भागात 'काही नसतं'. परिणामी कवटी कापल्यासारखी दिसते. माथा म्हणजे कवटीचा, केसांचा फुगवटा नव्हे. दाट केस त्याच्या वर येतात.

पुढचं नेहमीचं मापन असं: केसांच्या रेषेपासून भुवया, भुवयांपासून नाकाचं टोक, तिथून हनुवटी, हे तीन भाग जवळजवळ सारखे. दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर. ओठांमधली रेघ नाक-हनुवटीच्या अंतरात वरून एक तृतीयांशावर. कान भुवयांपासून नाकाच्या टोकापर्यंत. हे आकडे पाठ करून तसाच चेहरा काढला तर तो कुणाचाच होत नाही. त्यांचा उपयोग उलटा आहे. समोरच्या मित्राचा कोणता भाग या मापात बसत नाही ते शोधा. कुणाचा खालचा तिसरा भाग लांब असतो, कुणाचे डोळे जवळ, कुणाचा वरचा ओठ नाकाला चिकटल्यासारखा. ओळख तिथे असते. पापण्यांचे केस मोजून काढल्यानं ती येत नाही. मान खाली असेल तर कान नाका-डोळ्यांच्या मानानं वर सरकतात, मान वर असेल तर खाली येतात, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

मग दहा मिनिटं नाक-डोळे बाजूला ठेवून सावल्यांचे आकार. डोळे बारीक करून बघितलं की बारीकसारीक तपशील विरघळतात आणि उजेड-अंधाराचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. डोळ्याची खोबण, नाकाची एक बाजू, गालाखालचा उतार, मान. ते तुकडे २बीनं एकाच फिक्या छटेत भरा. इथेच मित्र लांबून ओळखू यायला लागला पाहिजे. नाही आला, तर पुढे जाऊन उपयोग नाही, मापं पुन्हा बघा.

यानंतर नाक-डोळे. डोळ्यातला पांढरा भाग कोरा सोडू नये. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते, कोरा राहिला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघा ओढायच्या नाहीत, तिथे फक्त छटा बदलते. नाकपुड्या काळ्या ठिपक्यांसारख्या भरू नका. खालचा ओठ रेघेनं काढण्यापेक्षा त्याच्या खालच्या सावलीनं दाखवावा. दात दिसत असतील तर एकच उजळ पट्टा ठेवा, दातांमधल्या फटींच्या रेघा मारल्या की दात किडके दिसतात. केस म्हणजे आधी एक सलग आकार, त्याची उजळ आणि गडद बाजू. सुटे केस शेवटी, पाच-सात पुरेत.

चष्म्याचं थोडं वेगळं. डोळे आधी, फ्रेम नंतर. जवळचं स्पष्ट आणि दूरचं अंधुक दिसणाऱ्या माणसाच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते आणि डोळा लहान. ती कड 'दुरुस्त' करून सरळ जोडली की चष्मा उसना घेतल्यासारखा वाटतो.

चाळीस मिनिटं झाली की थांबा. अर्धवट राहिलं तरी. मागे तारीख आणि लागलेला वेळ लिहा.

जमलं नाही तर

चित्र आरशात बघा किंवा फोटो काढून आरशासारखा डावा-उजवा उलटवा. बघून बघून मुरलेली चूक लगेच समोर येते. माणूस थोराड दिसतोय? नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ गडद झाली आहे, मळता येणाऱ्या खोडरबरानं उचला. मित्राऐवजी त्याचा भाऊ वाटतोय? अवयव बरोबर आहेत, अंतरं चुकली आहेत. चेहरा अर्धवट वळलेला असताना काहीतरी खटकतंय? बहुधा पलीकडचा डोळा अलीकडच्याइतकाच रुंद काढला गेला आहे. दुरुस्ती नेहमी मोठ्याकडून लहानाकडे: डोक्याचा आकार, अंतरं, सावल्या, मग रेघा. डोळे गडद करून चित्र वाचवता येत नाही.

मित्राची प्रतिक्रिया साम्याची कसोटी म्हणून धरू नका. माणूस स्वतःला आरशात बघतो, त्यामुळे त्याच्या मनात भांग दुसऱ्या बाजूला असतो. अगदी नेमकं चित्रही त्याला 'थोडं वेगळंच' वाटतं. दोघांच्या ओळखीच्या तिसऱ्या कुणाला नाव न सांगता दाखवा. त्यानं दोन सेकंदांत ओळखलं तर चित्र जमलं. मूळ चित्रं बारा होईपर्यंत कुणालाही देऊ नका, फार तर फोटो पाठवा. एकदा भेट द्यायला लागलात की पुढचा प्रत्येक चेहरा आपोआप गोजिरा होत जातो.

एखादा आठवडा हुकला तर पुढच्या आठवड्यात दोन काढू नका, घाईत दोन्ही बिघडतात. शेवटची तारीख पुढे ढकला. अगदीच वेळ नसेल तर त्याच मापात फक्त मापं आणि सावल्या, पंधरा मिनिटांत. तेही चित्र मोजायचं.

शिसं फिसकटू नये म्हणून पानांमध्ये बटर पेपर घाला. फिक्सेटिव्ह (शिसं कागदावर पक्कं बसवणारा फवारा) मारणार असाल तर उघड्या हवेत, ३० सेंटिमीटरवरून, दोन-तीन पातळ थरांत. एकच जाड थर दिला तर कागद ओला होऊन डाग पडतात.

बारा झाली की सगळी एका रांगेत मांडा आणि एकेका चेहऱ्यात डोकावण्याऐवजी सगळ्यांत सारखी असलेली चूक शोधा. सगळी डोकी उजवीकडे कलली असतील, सगळ्यांचे डोळे मोठे असतील. सगळे थोडे थोडे तुमच्यासारखेही दिसत असतील. चित्रकार आपलीच चेहरेपट्टी इतरांना देत जातो, असा इशारा लिओनार्दो दा विंचीनंही चित्रकारांना दिला होता. जी चूक सगळ्यांत सापडेल ती स्केचबुकच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या फेरीत मापांच्या पाच मिनिटांत आधी तीच तपासायची.