स्वच्छंदतावादावर लिहिताना या चुका टाळा

स्वच्छंदतावाद म्हणजे रोमँटिसिझम, अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उदयाला आलेली साहित्य-कलेतली चळवळ. तिच्यावरच्या उत्तरपत्रिकांमधले पहिले वाक्य मला आता न वाचताच ठाऊक असते : कविता म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक. हे विधान इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थचेच आहे आणि ते ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या 1800 सालच्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेतलेच आहे, तरीही त्यावर थांबलेले उत्तर चुकते. विधानाला लागूनच वर्ड्‌स्वर्थ अट घालतो की, मोल असलेली कविता लिहिणारा माणूस नुसता असामान्य संवेदनक्षम असून भागत नाही, त्याने दीर्घ आणि सखोल विचारही केलेला असावा लागतो; आणि पुढे तो कवितेचा उगम शांतपणे आठवलेल्या भावनेत असल्याचे सांगतो. गाइडमध्ये पहिला तुकडा ठळक छापलेला असतो, उरलेला मुळातून वाचावा लागतो. प्रस्तावना दोन-तीन बैठकींत वाचून होते. तेवढीही सवड नसलेल्याने या विषयावर लिहिण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका महाविद्यालयातील चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्स या फुलांवरच्या प्रसिद्ध कवितेवर निबंध वाचला. सरोवराकाठी एकटाच भटकणाऱ्या कवीला फुले दिसली आणि जागच्या जागी कविता झाली, अशी त्याची सगळी मांडणी होती. निबंधाला टाळ्या मिळाल्या, म्हणून मला ते प्रकरण अधिकच लागले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर तीन पाने ठेवली : कवीची बहीण डोरोथी वर्ड्‌स्वर्थच्या दैनंदिनीतली 15 एप्रिल 1802 ची नोंद, कवितेचा 1807 सालचा छापील पाठ आणि 1815 सालचा पाठ. दैनंदिनीत भाऊ-बहीण दोघे अल्सवॉटर सरोवराच्या काठाने जोरदार वाऱ्यातून चालले आहेत. काही फुले थकून उशीवर डोके टेकावे तशी दगडांवर विसावली आहेत, बाकीची डोलत, नाचत, वाऱ्याबरोबर हसत आहेत. कविता लिहिली गेली ती साधारण दोन वर्षांनी. 1807 च्या पाठात तीन कडवी आहेत, आकाशगंगेतल्या ताऱ्यांचे कडवे 1815 साली आले, आणि त्याच वेळी फुलांचे ‘नाचरी’ हे विशेषण जाऊन तिथे ‘सोनेरी’ आले. अंतर्दृष्टीच्या ज्या दोन ओळी परीक्षेत हमखास उद्धृत होतात, त्या पत्नी मेरीने सुचवल्याचे वर्ड्‌स्वर्थने स्वतः सांगितले होते. तो मुलगा तासभर पेन्सिलीने फरक खुणावत राहिला आणि शेवटी त्याने नेमका प्रश्न विचारला : बहीण सोबत असताना कवी एकटा कसा? त्या प्रश्नावर त्याने जो निबंध नव्याने लिहिला, तो पहिल्यापेक्षा कितीतरी सरस होता, कारण एकटेपण ही कवीने विचारपूर्वक केलेली निवड आहे हे त्याला उमगले होते. तेव्हापासून कोणत्याही कवितेचे किमान दोन पाठ शेजारी ठेवल्याशिवाय मी ती शिकवत नाही.

वर्ड्‌स्वर्थचा समकालीन कवी कोलरिज याच्या ‘कुब्ला खान’ या कवितेचीही हीच गत होते. स्वप्नात सुचलेली कविता पोरलॉक या गावाहून कामानिमित्त आलेल्या माणसामुळे अपुरी राहिली, ही हकीकत 1816 साली कविता छापताना कोलरिजने प्रस्तावनेत लिहिली. ब्रिटिश लायब्ररीतील त्याच्या हस्तलिखितावरच्या टिपणात अफूचा आणि पोरलॉकजवळच्या शेतघराचा उल्लेख आहे, त्या आगंतुकाचा मात्र नाही. शिवाय हस्तलिखितातले काही शब्द छापील पाठात बदललेले आहेत. कवीने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट हा त्याच्या साहित्याचा भाग समजावा, पुरावा समजू नये.

बाकीच्या चुका चटकन सांगतो. इंग्रज कवी कीट्स 1821 साली रोममध्ये क्षयाने गेला, प्रतिकूल परीक्षणाने नव्हे. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाच्या ‘लिबर्टी’ चित्रातली क्रांती 1830 च्या जुलैमधली आहे. ते चित्र 1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीखाली चिकटवू नये. ही चळवळ केवळ इंग्लंडची नव्हती : 1798 साली जर्मनीत श्लेगेल बंधूंचे ‘आथेनेउम’ नियतकालिकही निघाले होते. निसर्गवर्णन दिसले की स्वच्छंदतावाद, हे समीकरण मांडणाऱ्यांनी इंग्रज कवी ब्लेकची लंडन शहरावरची कविता वाचावी.

चित्रकलेत तर ‘भावनेच्या भरात’ हा शब्दप्रयोग मी सरसकट खोडतो. फ्रेंच चित्रकार जेरिकोने 1819 साली ‘मेड्युसाचा तराफा’ हे जहाजदुर्घटनेवरचे चित्र प्रदर्शित केले, त्याआधी तो त्या दुर्घटनेतून वाचलेल्यांना भेटला, तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली आणि शवागारात बसून मृत शरीरांचे अभ्यास रेखाटले. त्या चित्रातला आकांत या तयारीमुळेच उभा राहिला आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास चूक म्हणजे केशवसुतांना वर्ड्‌स्वर्थच्या ओळीत बसवून मोकळे होणे. ‘तुतारी’ 1893 सालची आहे. मधल्या नव्वदेक वर्षांचे आणि इथल्या सामाजिक सुधारणेच्या वादांचे काय झाले, हे त्या तुलनेत येतच नाही. तुलना करायचीच असेल, तर केशवसुतांची कोणती कविता, कोणत्या इंग्रजी कवितेशी, कोणत्या ओळींपाशी ताडून पाहिली, हे उत्तरात लिहावे; तसे लिहिता येत नसेल, तर प्रभावाचे ते वाक्य काढून टाकावे.