पाळतीचं विधेयक संसदेत आलं, आता ते वाचायचं कसं?

फोन टॅपिंग, डिजिटल झडती किंवा मनी लाँडरिंगविषयीचं विधेयक मांडलं गेलं की बहुतेक जण आधी भाषणं ऐकतात आणि वेळ उरलाच तर मसुदा उघडतात. क्रम उलटा ठेवा. सभागृहात देशाची सुरक्षा आणि खासगीपणा यांवर तास-दीड तास बोललं जातं, पण ज्या पोटकलमाने खरा अधिकार मिळतो त्याचा उल्लेखही अनेकदा होत नाही. मसुदा न वाचता चर्चा ऐकली तर काय बोललं गेलं ते कळतं, काय बोलायचं राहून गेलं ते कळत नाही.

वेळ कमी असतो, हेही लक्षात असू द्या. दूरसंचार विधेयक १८ डिसेंबर २०२३ ला लोकसभेत मांडलं गेलं, २० तारखेला तिथे आणि २१ तारखेला राज्यसभेत मंजूर झालं. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले होते. समितीकडे ते गेलंच नाही. हा कोण्या एका पक्षाचा रोग नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६९, म्हणजे संगणकातली आणि इंटरनेटवरची माहिती अडवून वाचण्याचा अधिकार, आजच्या रूपात आणणारी दुरुस्ती डिसेंबर २००८ मध्ये गोंधळात, चर्चेविनाच मंजूर झाली. तेव्हा सरकार दुसरं होतं. म्हणून विधेयक मांडलं गेलं त्याच दिवशी कामाला लागायचं.

संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाची पीडीएफ इंग्रजी आणि हिंदीत मिळते. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, शेवटाकडून या. मागच्या पानांवर 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. ती मंत्र्यांची जाहिरात, एकदा चाळली तरी पुरे. त्यानंतरचं प्रत्यायोजित विधानविषयक ज्ञापन मात्र पेन घेऊन वाचा. कोणत्या गोष्टी कायद्यात न लिहिता नियमांवर सोडल्या आहेत, त्यांची यादी तिथे सरकारनेच देऊन ठेवलेली असते. दुरुस्ती विधेयक असेल तर जोडपत्रात मूळ कायद्यातली बदलली जाणारी कलमंही छापलेली असतात. कागदाचे दोन रकाने करून डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा उपाय नाही. विधेयकांचा अभ्यास करणाऱ्या पीआरएससारख्या संस्थांचं टिपण चांगलं असतं, ते तुमचे रकाने झाल्यावर ताडून पाहायला घ्या.

रकाने तयार झाले की पाच प्रश्न विचारायचे. आदेश कोण देणार? कोणत्या कारणासाठी? किती दिवसांसाठी? तो आदेश नंतर कोण तपासणार? जमा झालेली माहिती शेवटी कुठे जाणार?

फोन आणि संदेश अडवून ऐकण्याचा अधिकार देणारं दूरसंचार कायद्याचं कलम २०(२) या पाच प्रश्नांवर घासून पाहू. त्याला दोन उंबरठे आहेत. पहिला: सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असावी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची गरज असावी. दुसरा: देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं यांपैकी एखाद्या कारणासाठी अडवणूक 'आवश्यक किंवा इष्ट' वाटावी. दोन्ही ओलांडल्याशिवाय फोन ऐकता येत नाही. ही रचना १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) मधून जवळपास जशीच्या तशी आली आहे. आता कारणांची यादी पुन्हा वाचा. त्यात लाचखोरी, करचुकवेगिरी, बँक घोटाळा हे शब्द नाहीत. मग आर्थिक गुन्ह्यासाठी फोन ऐकता येतो का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नाही' म्हटलं. दक्षिण मुंबईतल्या एका व्यावसायिकाच्या लाच प्रकरणात केंद्रीय गृह विभागाने २००९-१० मध्ये काढलेले तीन आदेश न्यायालयाने रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. दहा लाखांच्या कथित लाचेने सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येते, हे पटत नाही, असा त्याचा मथितार्थ. जून २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराचा फटका अर्थव्यवस्थेला बसतो, म्हणून तो 'सार्वजनिक सुरक्षितते'त बसू शकतो, असं म्हटलं. लगेच २ जुलैला मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईसारखीच भूमिका घेतली. २०२३ मध्ये नवा कायदा करताना हे दोन शब्द नीट बांधून घ्यायची संधी होती. ते तसेच राहिले आणि अर्थ लावण्याचं काम न्यायालयांच्या गळ्यात पडलं. चर्चेत शोधायची जागा ती ही: 'सार्वजनिक सुरक्षितता' म्हणजे काय, असं मंत्र्यांना कोणी थेट विचारलं का? विचारलं असेल तर उत्तर काय आलं?

बाकीच्या चार प्रश्नांची नेमकी उत्तरं कलमात नाहीत. तिथे एवढंच आहे की कार्यपद्धती आणि संरक्षक तरतुदी 'विहित करण्यात येतील अशा' असतील, म्हणजे सरकार त्या पुढे नियमांत ठरवेल. इंग्रजी मसुद्यात शोधायचा शब्द आहे 'प्रिस्क्राइब्ड'. पीडीएफमध्ये तो टाकून किती वेळा येतो ते मोजा. हे नियम ६ डिसेंबर २०२४ ला आले, म्हणजे कायदा मंजूर झाल्यावर जवळपास वर्षाने. आदेश केंद्रात गृह सचिव आणि राज्यात गृह विभागाचे सचिव देतात. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवस. तपासणी करणारी समिती केंद्रात कॅबिनेट सचिवांच्या, राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे आदेश देणारे नोकरशहा आणि तो तपासणारेही नोकरशहाच, न्यायाधीश कुठेच नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या आदेशावर स्वतंत्र न्यायिक आयुक्ताची संमती लागते. आपल्याकडे फोन टॅपिंगवरच्या १९९६ च्या पीयूसीएल निकालात सर्वोच्च न्यायालयानेच आधी न्यायालयीन परवानगी हवी, हा आग्रह मान्य केला नव्हता. त्यामुळे सभागृहात कोणी 'सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार संरक्षण दिलं आहे' असं म्हटलं तर ते खोटं नसतं, त्यात नेमकं काय नाही तेवढं आपल्याला ठाऊक हवं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी आणखी एक रकाना जोडावा. १९९९ च्या मोक्का कायद्यात फोन अडवण्याची स्वतःची व्यवस्था आहे, कलम १३ ते १६. उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती, २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वैध ठरवली. केंद्राचा कायदा बदलला म्हणून ही वाट बंद होत नाही.

आर्थिक गुन्ह्यांच्या कायद्यांत खोच वेगळ्या जागी असते. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, पण त्याच्या महत्त्वाच्या दुरुस्त्या त्या नावाच्या विधेयकात सापडतीलच असं नाही. २०१५, २०१६, २०१८ आणि २०१९ मध्ये त्या वित्त विधेयकातून आल्या. अर्थसंकल्पाच्या दिवशी सगळे प्राप्तिकराचे टप्पे पाहत असतात, तेव्हा तुम्ही वित्त विधेयकाचं शेवटचं 'संकीर्ण' प्रकरण उघडा. धनविधेयक असल्यामुळे राज्यसभा त्यावर फक्त शिफारस करू शकते, तीही १४ दिवसांत, आणि ती मानायचं बंधन लोकसभेवर नाही. हा मार्ग वापरणं योग्य होतं का, हा प्रश्न २७ जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठासाठी मोकळा ठेवला.

त्या दुरुस्त्यांतली एक जवळून पाहा. कलम ३ मध्ये गुन्ह्याची व्याख्या आहे. गुन्ह्यातला पैसा लपवणं, बाळगणं, मिळवणं, वापरणं 'आणि' तो स्वच्छ असल्याचं भासवणं. 'आणि' असल्यामुळे बचाव पक्ष म्हणायचा की नुसता बाळगणं पुरेसं नाही, स्वच्छ भासवल्याचंही दाखवा. २०१९ मध्ये मूळ वाक्याला हात लावला नाही, खाली एक 'स्पष्टीकरण' जोडलं: यांपैकी कोणतीही एक कृती केली तरी गुन्हा. एका 'आणि'चा 'किंवा' झाला. २०२२ च्या निकालात न्यायालयानेही तोच अर्थ उचलून धरला. म्हणून स्पष्टीकरण आणि परंतुक ('परंतु'ने सुरू होणारा अपवाद) यांना तळटीप समजून वगळू नका, बरेचदा मेख तिथेच मारलेली असते. २०१९ मध्येच कलम ८(३) मधला ९० हा आकडा ३६५ झाला, म्हणजे खटला दाखल नसतानाही चौकशी सुरू असेल तर मालमत्तेची जप्ती तेवढे दिवस टिकते. आकडे बदलले की चौकोन करा. भाषणांत ते क्वचितच येतात.

डिजिटल झडतीसाठी प्राप्तिकर कायदा २०२५ चं कलम २४७ घ्या. कुलूप फोडण्याच्या जुन्या अधिकारासोबत तिथे 'आभासी डिजिटल अवकाश' आला आहे: संकेतशब्द मिळाला नाही तर तो ओलांडून आत शिरता येतं. कलम २६१ मधल्या व्याख्येत ईमेल सर्व्हर, समाजमाध्यमांवरची खाती, गुंतवणूक आणि बँक खाती, क्लाउड असं बरंच काही आहे आणि शेवटी 'तत्सम स्वरूपाचा इतर कोणताही अवकाश'. यादीचा शेवटचा घटक असा सैल असला की आधीच्या सगळ्या घटकांना फारसा अर्थ उरत नाही. झडतीसाठी अधिकाऱ्याकडे 'विश्वास ठेवण्यास कारण' असावं लागतं, हे खरं. पण ते कारण कोणालाही, अपिलीय न्यायाधिकरणालाही, उघड करायचं नाही, अशी तरतूद २०१७ च्या वित्त कायद्याने आणली, तीही १ एप्रिल १९६२ पासून लागू धरून. नव्या कायद्यात ती कायम आहे. 'योग्य कारणाशिवाय झडती होणार नाही' हे वाक्य चर्चेत ऐकलं की ही दोन कलमं शेजारी ठेवा.

या विधेयकाची वाट मात्र लांब होती. १३ फेब्रुवारी २०२५ ला ते मांडलं, ३१ सदस्यांच्या निवड समितीकडे गेलं, २१ जुलैला अहवाल आला, ऑगस्टमध्ये मूळ विधेयक मागे घेऊन ११ तारखेला नवं मांडलं आणि गदारोळात त्याच दिवशी काही मिनिटांत मंजूर झालं. अशा वेळी सभागृहातल्या चर्चेत हाताला काहीच लागत नाही. समितीचा अहवाल वाचायचा आणि त्याच्या शेवटच्या भिन्नमत टिपा आधी वाचायच्या. विदा (डेटा) संरक्षण विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या डिसेंबर २०२१ च्या अहवालात जयराम रमेश, मनीष तिवारी आदींनी सरकारी यंत्रणांना सूट देणाऱ्या कलम ३५ वर आक्षेप लिहून ठेवले आहेत. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातलं कलम १७(२) समजायला त्या टिपांइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

आता चर्चेकडे वळा. लगेच मिळणारी प्रत असुधारित असते. त्यातलं वाक्य उद्धृत करायचं असेल तर व्हिडिओशी ताडा, कारण काही शब्द नंतर कामकाजातून काढले जातात आणि 'व्यवधान' लिहिलेल्या जागी काय ओरडलं गेलं ते कागदावर येत नाही. मराठीत केलेल्या भाषणाचं भाषांतर वाचत असाल तर मूळ ऐकाच. भाषणं भराभर उलटा आणि तीन जागी थांबा. पहिली, विधेयक मांडायलाच विरोध झाला असेल तो भाग: लोकसभेच्या नियम ७२ खालचे हे आक्षेप छोटे आणि कायदेशीर मुद्द्यांवर असतात. दुसरी, मंत्र्यांचं शेवटचं उत्तर. विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याचं भाषण कायद्याचा हेतू कळण्यासाठी पाहता येतं, असं के. पी. वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच म्हटलं आहे. मार्च २०२५ मध्ये निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत व्हॉट्सअॅप संदेशांतून बेहिशेबी २०० कोटी आणि गूगल मॅप्सच्या नोंदींवरून रोकड लपवण्याच्या जागा सापडल्याचं सांगितलं. नव्या अधिकारांची गरज का, याचं सरकारी उत्तर ते. ते टिपून ठेवा आणि शेजारी लिहा: हे यश जुन्याच अधिकारांत मिळालं होतं. तिसरी जागा कलमवार मतदानाची. पाच-दहा मिनिटांत डझनभर कलमं आवाजी मतदानाने पुढे सरकतात. कोणाच्या दुरुस्त्या नोंदल्या होत्या, कोणत्या मांडल्या, कोणत्या फेटाळल्या, मतविभागणी मागितली गेली का, ते इथे कळतं. खासदाराने भाषणात कडाडून टीका केली आणि दुरुस्तीची नोटीसच दिली नाही, असंही दिसेल. त्या टीकेचं वजन त्यानुसार धरा. पक्षादेश निघालेला असतो, त्यामुळे कोण कुठल्या बाजूने मत देणार याचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नका.

समितीने सूचना मागवल्या असतील तर पाठवा. मुदत बहुधा पंधरवड्याची असते. 'हे विधेयक लोकशाहीविरोधी आहे' असं चार पानं लिहिलं तर समितीच्या सचिवालयाला त्याची नोंद कोणत्या कलमाखाली करायची तेच कळत नाही आणि पत्र फायलीत पडून राहतं. एका कलमाला एक पान आणि त्यात चार ओळी: कलमाचा क्रमांक, आत्ताचे शब्द, हवे असलेले शब्द, कारण. उदाहरणार्थ, कलम २०(२); 'आवश्यक किंवा इष्ट'; त्याऐवजी 'आवश्यक'; कारण, 'इष्ट' हा शब्द सोयीलाही जागा देतो आणि खासगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातली प्रमाणबद्धतेची कसोटी सोयीवर टिकत नाही. हेच पान तुमच्या खासदाराला पाठवलं तर त्यावरून दुरुस्तीची नोटीस देता येते. ती किमान एक दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा पत्र चर्चेच्या सकाळी पोचलं तर उपयोग नाही.

विधेयक मंजूर झाल्यावर फाईल बंद करू नका. नियम राजपत्रात आल्यावर अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात आणि त्यापुढचं अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांना मिळून त्यांत बदल करता येतो. पाच प्रश्नांचा कागद तेव्हा पुन्हा काढा, 'विहित' लिहिलेल्या रिकाम्या जागा भरा.