कामाच्या ठिकाणचा ताण मोजताय? या चुका टाळा

आशाताई, अंगणवाडी सेविका, जिनिंगचे (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांतले) मजूर, लाइनमन, ग्रामीण शाखेतले बँक कर्मचारी. आमच्या विदर्भात गेल्या काही वर्षांत या सगळ्यांचा ताण मोजणारे अहवाल भराभर निघतायत. एमएसडब्ल्यू (समाजकार्य) आणि नर्सिंगची मुलं ते तपासायला माझ्याकडे आणतात, आणि चुका दरवर्षी त्याच असतात. या माणसांना त्रास खरोखर आहे, म्हणून चुकीच्या आकड्याचा मला राग येतो. "ताण मध्यम" असं एकदा कागदावर आलं की वरचे अधिकारी तो विषय बंद करतात.

साहेबांसमोर फॉर्म भरून घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. एका मुलीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत आशाताईंना फॉर्म वाटले. वैद्यकीय अधिकारी समोर बसलेले, आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मागे उभ्या, आणि चहा यायच्या आत सगळे फॉर्म परत. प्रश्नावली चांगली होती: शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या ताण मोजणाऱ्या पट्टीची दहा प्रश्नांची आवृत्ती. गेल्या महिन्यात अमुक किती वेळा वाटलं, असं ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४०. मुलीचा निष्कर्ष होता: बहुतेकींना मध्यम ताण, स्कोअर १६.

मी मूळ फॉर्म मागवले. पानामागून पान "कधीच नाही"च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरळ खुणा. आता हिशोब बघा. या पट्टीतले चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे चार प्रश्न उलटे आहेत. अडचणी आपण निभावून नेऊ असा विश्वास वाटला का, अशा धाटणीचे. त्यांचे गुण उलटवून धरायचे असतात. म्हणजे डोळे मिटून सगळीकडे "कधीच नाही" लिहिलं, तरी चार चोक सोळा गुण आपोआप पडतात. त्या बायांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं, आणि अहवालाने त्यालाच मध्यम ताण म्हटलं होतं.

मी त्या मुलीला घेऊन गावांमध्ये गेले. दुपारची जेवणं आटोपल्यावर एकेकीच्या घरी बसलो. बैठकीत काहीच न बोललेली एक ताई म्हणाली, "तिथं कसं सांगू बाई? म्याडम मांगंच उभ्या होत्या. उद्या म्हणतीन, इच्याच्यानं काम होत नाही." मग रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाणं, तीच माहिती रजिस्टरमध्येही आणि मोबाइलमध्येही भरणं, मोबदला उशिरा येणं, घरच्यांची बोलणी, सगळं निघालं. प्रश्न तेच होते. उत्तरं पार बदलली.

तेव्हा फॉर्म भरून घेणारा त्या खात्याचा नसावा. फॉर्मवर नाव आणि गाव नको, गाव लिहिलं की आशाताई ओळखू येतेच. मी वाचता येणाऱ्यांनाही प्रश्न मोठ्याने, सगळ्यांना सारख्याच सुरात वाचून दाखवते, आणि उत्तरांचे पाच पर्याय मोठ्या अक्षरात लिहिलेलं कार्ड हातात देते. सुरुवातीचे फॉर्म मी कागदावर स्वतः मोजते, एक्सेल नंतर. एका दिवसात गठ्ठा संपवायची घाई असेल तर हा विषय घेऊच नका.

माणूस मोजणं आणि काम सोडून देणं

दुसरी चूक जास्त सभ्य दिसते, म्हणून ती सुटते. अहवालात झोप, चिडचिड, डोकेदुखी, निराशा सगळं असतं. कामाबद्दल एकही प्रश्न नसतो. शिफारशीत मग ठरलेलं वाक्य: कर्मचाऱ्यांसाठी योग शिबिर घ्यावं.

मानसिक ताणाबद्दलचं आयएसओ १००७५ हे आंतरराष्ट्रीय मानक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतं: बाहेरून माणसावर येणारा भार, आणि त्या भाराचा माणसावर होणारा परिणाम. एकाच भाराचा दोघांवर वेगळा परिणाम होतो. म्हणून दोन्ही मोजावं लागतं. फक्त परिणाम मोजलात तर दोष आपोआप माणसाच्या माथी जातो.

कामाबद्दल काय विचारायचं, हे शोधायला लांब जायला नको. संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की कामाची मागणी जास्त आणि स्वतः ठरवायची मुभा कमी, हे गणित सगळ्यात घातक. आमच्या जिनिंगमध्ये मशीनच्या वेगाने हात चालवणाऱ्या मजुराला हे समजवावं लागत नाही. दुसरे संशोधक योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दुसरी बाजू दिली: कष्ट किती आणि बदल्यात काय. बदल्यात म्हणजे पैसा, मान आणि कामाची शाश्वती. सरकारी कागदावर स्वयंसेविका आणि प्रत्यक्षात दिवसभराची धावपळ, अशा आशाताईचा त्रास मला या चौकटीत सगळ्यात नीट पकडता आला. शेवटी मी एक प्रश्न माझ्याकडून विचारते, स्कोअरमध्ये न धरता: कामातली कोणती एक गोष्ट बदलली तर तुमचा त्रास कमी होईल? शिफारशी मला तिथून मिळतात.

बाकीच्या चुका

उलटे प्रश्न उलटवायला विसरणं. तसं झालं की अगदी शांत माणसाचे १६ होतात आणि पूर्ण पिचलेल्याचे २४. सगळे मधेच अडकलेले दिसले की आधी हेच तपासा.

इंटरनेटवरचे "कमी, मध्यम, जास्त" असे गट निदान म्हणून छापणं. ही पट्टी निदानासाठी नाही. दोन गटांची तुलना करा, कोणाला आजारी ठरवू नका.

हंगाम न बघणं. जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ओसरतं. प्रश्न गेल्या महिन्याचे, आणि मजुरांना गाठलं जूनमध्ये, तर तुम्ही पेरणीचा ताण मोजलात. बँकेत मार्चअखेर आणि पीककर्जाचे दिवस वेगळे धरा.

मास्लाख यांच्या बर्नआउट (कामाने पार थकून जाणं) मोजणाऱ्या प्रश्नावलीची बेरीज करणं. तिचे तीन भाग तीन आकडे देतात, आणि तिसऱ्यात, म्हणजे कामातल्या कर्तबगारीच्या भागात, जास्त गुण म्हणजे चांगलं.

स्मार्टवॉचवर भिस्त. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना पायी आलेल्या बाईचे ठोके वाढणारच. कॉर्टिसॉल या ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाचंही तसंच: ते सकाळी जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरतं, त्यामुळे वेळ न बांधता घेतलेला एकच नमुना वाया.

मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्यांसमोर मराठी फॉर्म ठेवणं, आणि दुभाष्या म्हणून त्याच कार्यालयातला माणूस बसवणं.

फक्त हजर असलेल्यांना विचारणं. ज्यांना झेपलं नाही ते काम सोडून गेलेले असतात. मी त्यांचीही घरं शोधते.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरून नवव्या प्रश्नाची तयारी न करणं. मरण्याचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का, हे तो विचारतो. शेतकरी आत्महत्यांच्या या पट्ट्यात कोणी "हो" म्हणालं आणि तुम्ही खूण करून पुढच्या घरी गेलात, तर ते अक्षम्य आहे. आधीच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी बोलून ठेवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक जवळ ठेवा. "हो" आलं की फॉर्म बाजूला, आणि त्या माणसाला एकटं सोडून निघायचं नाही.

आणि लहान गटाचे आकडे छापणं. चार माणसांच्या शाखेचा वेगळा स्कोअर अहवालात आला, की मॅनेजरला कोणी काय लिहिलं ते कळतं. मी दहाच्या खालचा गट शेजारच्या गटात मिळवते आणि अहवाल कार्यालयात द्यायच्या आधी कर्मचाऱ्यांना वाचून दाखवते.